पोहे भिजवायचे राहिले

सांगलीहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला थोडा भाग देते :

‘मी ४३ वर्षांची. २०२१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या कसोट्या बघायला पहाटे उठायचे, तेव्हा क्रिकेटच्या गप्पांतून ओळख झालेल्या आम्हा सात जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. खेळ, खाणं आणि सकाळ, एवढेच विषय. राजकारण नाही, घरची रडगाणी नाहीत. कुणीच कुणाला भेटलेलं नाही. इंदूरच्या काकू रोज सहाला लिहायच्या, “चहा ठेवला, उठा.” महिनाभर त्यांचे मेसेज पहाटे साडेतीन-चारला यायला लागले होते. नाश्ता काय, विचारलं की “आज नुसता चहा.” शेवटचा मेसेज होता, “आज पोहे भिजवायचे राहिले.” त्याला अठरा दिवस झाले. ग्रुपवर कुणी विषय काढत नाही. मी फोन करावा का? नवरा म्हणतो, तोंड न बघितलेली माणसं, टाइमपास तो, एवढं मनाला काय लावून घ्यायचं. ही खरंच मैत्री म्हणायची का?’

मैत्रिणी,

फोन करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ग्रुपवर घरचं काही बोलायचं नाही असं ठरलंय. पण काकू बोलल्या की! सहाची माणूस चारला उठायला लागली. जिच्या घरी पोहे वाफेवर होतात, वर शेव, बडीशेप आणि जिरावण हा इंदुरी मसाला पडतो, शेजारी जिलेबी असते, ती बाई चार-चार दिवस नुसत्या चहावर राहिली. आणि मग पोहे भिजवायचे राहिले. इंदूरच्या मराठी घरात, मैत्रिणी! पोहे भिजवायला असतो कितीसा वेळ? चाळणीत घेऊन पाणी फिरवायचं, निथळत ठेवायचं. तेवढंही झालं नाही, याला काहीतरी कारण असणार. आजारपण असेल, घरात कुणाचं काही असेल, झोप उडाली असेल. इथं बसून मी अंदाज बांधणार नाही, तुम्हीही बांधू नका. पण तुमच्या मनाला ते लागलं, कारण रोज सकाळी तुम्ही त्यांचं नुसतं वाचत नव्हतात, ऐकत होतात.

आपल्याकडे ‘चहा झाला का?’, ‘जेवलात का?’ हे चहा-जेवणाबद्दलचे प्रश्न कधी होते? माझे वडील पेठेतल्या दुधाच्या केंद्रावर पहाटे पाचला रांगेत उभे राहायचे. तिथं चार-पाच जणांची टोळी होती. विषय काय, तर कालची मॅच आणि आज भाजी कोणती. कुणाच्या घरी कुणी जेवायला गेल्याचं मला आठवत नाही. पण एकजण दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी वडील पिशवी हातात तशीच धरून त्यांच्या जिन्यापाशी उभे. गृहस्थ तापानं फणफणले होते, घरात एकटेच. आईला तर त्यांचं आडनावही माहीत नव्हतं. तुमच्या ग्रुपची रांग इंदूरपर्यंत लांबलीये, एवढाच फरक मला दिसतो.

पाच वर्षं म्हणजे काही थोडी झाली का? सिडनीला विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगानं दिवस संपेपर्यंत उभे राहिले, आठवड्याभरात ब्रिस्बेनला ऋषभ पंतनं नाबाद ८९ करून सामना काढला, तेव्हापासून तुम्ही एकमेकांच्या पहाटे ओळखता. पत्रात पुढं तुम्हीच लिहिलंय की २०२५ च्या महिला विश्वचषकात काकू इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गेल्या होत्या. तुमच्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनानं ८८ केल्या आणि तरी इंग्लंडकडून आपण चार धावांनी हरलो. ऐन दिवाळीत. त्या रात्री काकूंनी पहिला मेसेज ग्रुपवर नाही, तुम्हाला एकटीला केला : ‘तुमच्या पोरीसाठी वाईट वाटलं हो.’ आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात मध्यरात्र उलटल्यावर कर्णधार हरमननं शेवटचा झेल घेतला, तेव्हा जिलेबीचा फोटोही तुम्हालाच. त्यांनी तुम्हाला निवडलंय. मग विचारायचा हक्क आहे का, हा प्रश्नच उरत नाही.

आता कसं करायचं ते सांगते. ग्रुपवर विचारू नका. सहा जणांसमोर उत्तर द्यायचं ओझं होतं माणसाला. आज त्यांना एकटीला लिहा : ‘काकू, तुमच्या चहाशिवाय सकाळ सुरू होत नाहीये. बऱ्या आहात ना? उत्तराची घाई नाही. उद्या अकराच्या सुमाराला फोन करते.’ ‘कुठं गायब झालात’ असलं काही नको, त्यात तक्रार ऐकू येते. उत्तर येवो न येवो, उद्या अकराला फोन लावाच. सकाळची कामं आटोपलेली असतात, दुपारची झोप लागलेली नसते. दुसऱ्या कुणी उचलला, तर चाचरू नका. ‘मी सांगलीहून बोलतेय, काकूंची क्रिकेटची मैत्रीण.’ घरातल्यांना तुमचं नाव आधीच माहीत असेल, असं मला मनापासून वाटतं. काकू म्हणाल्या, आत्ता बोलवत नाही, तर ‘बरं’ म्हणा आणि आठवड्यानं पुन्हा लावा. बातमी जड असली, तर त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर नेऊ नका.

नवऱ्याचं म्हणाल, तर त्यांच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे. न भेटलेल्या माणसानं पैसे मागितले, ओटीपी मागितला, की थांबायचं, घरात बोलायचं. हा नियम काकूंनाही लागू. पण ‘टाइमपास’ या शब्दावर वाद घालत बसू नका. फोन करताना त्यांना शेजारी बसवा, हवं तर स्पीकरवर टाका. काकूंचा आवाज ऐकल्यावर त्यांना वेगळं काही पटवून द्यावं लागेल, असं मला वाटत नाही.

आणि हे झालं, की ग्रुपवर एक गोष्ट नक्की करा : सातही जणांनी घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाचा नंबर एकमेकांना देऊन ठेवा. ग्रुपमधल्या न्यू जर्सीच्या दादांनीसुद्धा. आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात, त्यांचं काही झालं तर तुम्हाला कळायला आणखी उशीर होईल. अठरा दिवस वाट बघायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये. गप्पा मात्र खेळ, खाणं आणि सकाळ याच राहू द्या, त्या बदलायची काही गरज नाही. काकू परत येतील तेव्हा त्यांना तेच हवं असेल.

तोवर सहाचा चहा तुम्ही ठेवा. ‘चहा ठेवला, उठा’ ग्रुपवर उद्यापासून तुम्ही लिहा. काकू उत्तर देत नसल्या, तरी वाचत असतील.

फोनवर पहिला प्रश्न पोह्यांचाच विचारा. काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.

तुमची,
ताई