संडे स्कूलच्या ४-५ वर्षांच्या मुलांकडून हाताच्या ठशांचे कोणते प्राणी करून घ्यावेत?

या वयाला मेंढरू, मासा आणि कबूतर पुरे. तळहाताला रंग लावून बोटं खाली येतील असा ठसा घ्या. चार बोटं म्हणजे पाय, अंगठा म्हणजे डोकं, झालं मेंढरू. बोटं जुळवून हात आडवा टेकवला की बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा, बोटांकडची बाजू शेपटी. डोळ्यांना टिकल्या लावा. दानीएलाच्या गोष्टीतले सिंह मोठ्या मुलांना द्या. आयाळीसाठी ठशावर ठसे मारावे लागतात, तोवर लहानांनी एकमेकांची तोंडं रंगवलेली असतात.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "पालकांना दाखवायचे आहेत, सगळे सारखे आणि नीटनेटके दिसायला हवेत." ते वाचून गप्प बसवेना.

आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायाचा पाठ होता, हरवलेलं मेंढरू. मी पांढरा आणि काळा दोन्ही रंग मांडले होते. एका मुलाने थेट काळ्यात हात घातला. का नाही घालणार? आमच्या रस्त्यांवरून धनगरांचे कळप जातात, त्या दख्खनी मेंढ्या, बहुतेक काळ्या. घोंगडी त्यांच्याच लोकरीची. त्याची करंगळी नीट टेकली नाही आणि मेंढरू तीन पायांचं उमटलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "टीचर, याचा पाय दुखतोय, म्हणून हे मागं राहिलं." मेंढरू हरवलं कसं, हा विचार त्या खोलीत त्या एकट्याने केला होता.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाहते तर फळ्यावर ते मेंढरू नाही. बाकीच्यांवर कापूस चिकटवून सगळी एकसारखी केलेली. सजावट बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "काळं म्हणजे पाप, लोक काय म्हणतील?" पोरगं आईला घेऊन आपला ठसा शोधत होतं. ९९ सोडून एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाचा पाठ शिकवायचा आणि फळ्यावरून नेमकं तेच एक काढायचं! कपाटातून काढून मी ते सगळ्यांदेखत मधोमध लावलं. त्यावरून झालेली बोलाचाली अजून मिटलेली नाही.

त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. लूकने मेंढराचा रंग दिलेलाच नाही. बायबलच्याच उत्पत्ति ३० मध्ये तर याकोब आपल्या सासऱ्याकडे, लाबानाकडे, मजुरी म्हणून काळी मेंढरं मागून घेतो. पाप-बिप तिथे कुठेही नाही. काळ्या मेंढराला पाप ठरवणाऱ्याने आधी तो अध्याय वाचावा. आणि मुलाचा ठसा स्केचपेनने 'सुधारणं' तर बंदच करा. पालकांना मुलाचा हात बघायचा असतो, तुमचा नाही.

कापसाला माझी हरकत नाही, मुलाने स्वतः लावला तर. रंग पाण्याने जाणाराच घ्या, हाताला खरचटलेलं असेल त्याला ठशाऐवजी कागद फाडून प्राणी करू द्या, आणि बादली-फडकं खोलीतच ठेवा, नाहीतर चर्चच्या भिंती रंगतील.

कबुतराचं राहिलंच. बोटं पसरली की पंख, अंगठ्याला चोच काढायची, चोचीत जैतुनाचं हिरवं पान. हे जलप्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाचं कबूतर. मात्र त्याने तारवातून, म्हणजे त्या मोठ्या नावेतून, आधी कावळा सोडला होता, उत्पत्ति ८. तोही करून घ्या, म्हणजे काळ्या रंगाची बाटली कपाटात राहणार नाही.