ग्लेब स्त्रुवे यांच्या कागदपत्रांत पत्रं कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा: रशियन साहित्याचे अभ्यासक ग्लेब स्त्रुवे (1898–1985) यांचे कागद स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत आहेत, हाताशी मोजकेच दिवस आहेत, तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात घरी बसून करा. संग्रहाची सूची ऑनलाइन आर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्नियावर मोफत वाचता येते. तिच्यातून पेटी आणि फोल्डरचे क्रमांक उतरवून घ्या आणि पेट्यांची मागणी जाण्याआधीच नोंदवा. वडील पेत्र स्त्रुवे यांचा संग्रहही तिथेच, पण वेगळा आहे. नुसतं आडनाव टाकून शोधलंत तर दोन्हींची सरमिसळ होते. नावांच्या रोमन स्पेलिंगकडेही लक्ष ठेवा. ग्रंथालयीन लिप्यंतरात 'प्योत्र'चं 'पेत्र' आणि 'गुमिल्योव'चं 'गुमिलेव' होतं. उच्चाराप्रमाणे टाईप केलं तर हाती काही लागत नाही.

मुख्य अडचण पुढेच आहे. कोणाच्याही संग्रहात असतात ती मुख्यतः त्याला आलेली पत्रं. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हने स्त्रुवेंना लिहिलेली पत्रं हूवरमध्ये आहेत, पण स्त्रुवेंनी पाठवलेलं मूळ पत्र शोधायचं तर ज्याला पाठवलं त्याच्या कागदांत. म्हणून पेट्यांची यादी करण्याआधी पत्रव्यवहार करणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याचे कागद कुठे आहेत ते लिहा. स्त्रुवे 1932पासून लंडनला शिकवत होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्कलीला गेले, त्यामुळे ही यादी दोन खंडांत पसरते. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते निम्मं संशोधन इथेच होतं.

कधीकधी पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत सापडते. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. इंग्रजी टाईपरायटरवर लिहिताना रशियन शब्दासाठी जागा सोडत आणि तो नंतर मूळ पत्रावर पेनाने भरत. कार्बनवर तिथे नुसती मोकळी जागा दिसते. शाईने केलेल्या दुरुस्त्याही तिच्यात येत नाहीत.

हस्ताक्षराचा सराव आधी करा. रशियन लपेटीत 'त' रोमन एमसारखा दिसतो, 'द' जीसारखा, 'प' एनसारखा. स्थलांतरितांपैकी अनेकांनी 1918च्या सुधारणेआधीचीच वर्णलेखनपद्धत पुढे चालू ठेवली होती, त्यामुळे शब्दाच्या शेवटी जादा अक्षर दिसलं तर गोंधळू नका. रशियात फेब्रुवारी 1918पर्यंत जुनं (ज्युलियन) कॅलेंडर होतं. विसाव्या शतकातल्या तशा तारखेत 13 दिवस मिळवले की आजच्या कॅलेंडरची तारीख मिळते. पत्रावर वर्षच नसेल तर पाकीट बघा, पोस्टाचा शिक्का कामी येतो.

वाचनकक्षात पेन नाही, पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर उघडा, कागदांचा क्रम मोडू नका. फोटो फ्लॅशशिवाय काढा: पहिला फोल्डरच्या लेबलाचा, मग प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचा. लेबलाचा फोटो राहिला तर घरी आल्यावर शेकडो पानांतलं कुठलं पान कुठल्या पेटीतलं ते कळत नाही आणि तळटीप देता येत नाही.

छापण्याच्या परवानगीचं मात्र नीट समजून घ्या. कागद संस्थेकडे असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांवर तो सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं राहतो. नाबोकोव्ह 1977 साली वारला, म्हणजे 2047च्या अखेरपर्यंत. अख्खं पत्र छापायचं असेल तर वारसांना आत्ताच लिहा, प्रबंध पुरा होईपर्यंत थांबू नका.