कोणत्या सालचा मॅक आणि कोणत्या सालचे विंडोज?

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक असून स्थानिक इतिहासावर लेखन करतो. जुना संगणक बदलायचा आहे. मुलगा म्हणतो, “मॅकच घ्या, त्याला व्हायरस लागत नाही, आणि विंडोज ही तर मॅकची चोरी.” भाचा म्हणतो, “मॅकवर मराठी उमटत नाही आणि आपला पेन ड्राइव्हही चालत नाही.” दोघेही हट्टाला पेटले आहेत. खरे कोणाचे? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, मात्र ते कोणत्या सालचे, हे दोघेही सांगत नाहीत.

व्हायरसपासून सुरुवात करू. घरगुती संगणकांत पसरलेला ‘एल्क क्लोनर’ हा अगदी सुरुवातीचा व्हायरस १९८२ मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने लिहिला, आणि तो मॅक बनवणाऱ्या ॲपलच्याच ‘ॲपल टू’ या संगणकाच्या फ्लॉपीवरून फिरला. पुढे विंडोज घरोघरी पोहोचल्यामुळे उपद्रवी मंडळींचे लक्ष तिकडे वळले. त्यातच विंडोज एक्सपीवर बहुतेक घरांत सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच काम चाले, त्यामुळे चुकून उघडलेल्या फाइललाही सगळी दारे मोकळी मिळत. मॅकची कीर्ती त्या काळातली आहे. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने सुमारे सहा लाख मॅक बाधित केले आणि पीसीचे व्हायरस मॅकला लागत नाहीत ही जाहिरातीतली ओळ ॲपलने त्याच वर्षी बदलली. योगायोग असा, की विंडोज ८ बरोबर अँटिव्हायरस अंगभूत मिळू लागला तोही २०१२ मध्येच.

चोरीचा आरोप मात्र इतक्या सरळपणे मांडता येणार नाही. खिडक्या आणि माउसची कल्पना ॲपलच्या मंडळींनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पाहिली होती. ॲपलने १९८८ मध्ये विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. पण वादातील बहुतेक गोष्टी वापरण्याची परवानगी ॲपलनेच १९८५ च्या करारात दिल्याचे न्यायालयाला आढळले आणि दावा टिकला नाही. आपला भाचा ज्या एक्सेलवर हिशेब करत असेल, ते एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकसाठी आले आणि विंडोजवर दोन वर्षांनी पोहोचले, हेही त्याला जरूर सांगावे. १९९७ मध्ये बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवत असल्याचे जाहीर केले आणि मागच्या भव्य पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला, तेव्हा सभागृहातील ॲपलभक्तांनी चक्क हुर्यो उडवली. कंपनी डबघाईला आलेली, मदतीचा हात पुढे आलेला, आणि भक्तांना मात्र तो हात कोणाचा याचेच दुःख!

आता आपल्या कामाचा मुद्दा. मराठीसाठी युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरे साठवण्याची समान संकेतपद्धती) आणि इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक दोन्हीकडे आहेत. मॅकवर देवनागरीचे चांगले फॉन्ट सोबतच येतात, आणि विंडोजचा परिचित ‘मंगल’ तर र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरकाराने घडवला. भाच्याने पाहिलेला गोंधळ बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचा असावा. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की ‘ग्रामदैवत’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची खिचडी दिसते. कोऱ्या विंडोज संगणकावरही अगदी हेच घडते. पेन ड्राइव्हची अडचण त्याहून किरकोळ आहे: एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर सहसा लिहू देत नाही. तोच एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला, की दोन्हीकडे चालतो. फॉरमॅट करताना आतील मजकूर पुसला जातो, तेव्हा तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा.

दुकानात जाताना आपले सर्वांत जुने हस्तलिखित पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि दोन्ही संगणकांवर उघडून पाहा. वर्षानुवर्षांचे लेखन जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि त्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर विंडोजच घ्यावे, असे माझे मत आहे. फाइली युनिकोडमध्ये असतील, तर खिशाला परवडेल तो घ्या. फक्त रात्री नऊ वाजता काही अडले तर मुलगा आणि भाचा यांपैकी सांगलीत कोण असतो, हे आधी विचारात घ्या.