गाडीवरचे डाग आणि स्वयंपाकघरातील उपाय

प्रश्न : आमची गाडी सोसायटीच्या आवारात झाडाखाली उभी असते आणि बोअरवेलच्या पाण्याने धुतली जाते. तिच्यावर पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे पांढरे डाग आणि डांबराचे ठिपके पडले आहेत. व्हिनेगर, खाण्याचा सोडा व भांडी घासण्याचे लिक्विड वापरल्यास रंगाला अपाय होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अपाय होऊ शकतो, मात्र कोणता डाग कशाने निघतो हे ठाऊक असेल आणि हात हलका असेल, तर यांतील काही वस्तू खरोखर उपयोगी पडतात. गाडीची चकाकी ही रंगावरच्या पारदर्शक थराची असते आणि त्याची जाडी सहसा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग असते. त्यामुळे डाग घासून काढण्यापेक्षा तो मऊ करून उचलणे केव्हाही श्रेयस्कर.

पांढरे डाग हे जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात आणि ते सौम्य आम्लात विरघळतात. सुमारे ४ टक्के आम्लता असलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळावे, सावलीत आणि बॉनेट गार असताना ओल्या कापडाने डागावर लावावे, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावे आणि मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच कोरडे करावे. शेवटची ही पायरी चुकली, तर त्याच बोअरवेलच्या पाण्याचे नवे डाग पडतात. अनेक घरांत आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडी धुण्यासाठी साठवले जाते. पाणी वाचवण्याची ही तळमळ मोलाची आहे, परंतु त्या पाण्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याहूनही अधिक असल्याने ते फरशीसाठी वापरावे, गाडीसाठी नव्हे.

पक्ष्यांची विष्ठा मुळात आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती पारदर्शक थरात खोल उतरते. म्हणून ती त्याच दिवशी काढावी. तिच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पूर्ण विरघळवून त्यात भिजवलेले कापड डागावर दहा मिनिटे ठेवावे आणि मग अलगद उचलावे. सोड्याची पेस्ट करून चोळल्यास न विरघळलेले कण बारीक ओरखडे पाडतात, आणि काळ्या गाडीवर ते उन्हात लगेच दिसतात.

डांबरावर खोबरेल तेल लावून काही मिनिटे थांबावे. कडा सुटू लागल्या की कापडाने टिपून घ्यावे व तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवावा. भांड्यांचे लिक्विड त्यासाठी, तेवढ्या जागेपुरते चालेल. एरवी ते तेलाबरोबर संरक्षक वॅक्सही काढून टाकते, म्हणून नेहमीच्या धुण्यासाठी गाडीचा शाम्पूच घ्यावा आणि लिक्विड वापरलेल्या जागी पुन्हा वॅक्स लावावे.

मीठ, राख आणि भांड्यांचा काथ्या गाडीजवळ आणू नये. धुण्याचा सोडा हा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याने ॲल्युमिनियमची अलॉय चाके काळवंडतात, तेव्हा डबा उघडण्यापूर्वी त्यावरचे लेबल अवश्य वाचावे.