फोन फॉरमॅट केला, म्हणून फॉरेन्सिक?

पत्र: "ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहते, यंदा बारावी सायन्स झाली. मागच्या उन्हाळ्यात बाबांना 'वीजबिल थकलंय, आज रात्री लाइन कापू' असा मेसेज आला. त्यांनी लिंकवरचं ॲप टाकलं आणि खात्यातले २ लाख ४० हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करेपर्यंत पाच तास उलटले होते. त्याआधी घाबरून मी त्यांचा फोन फॉरमॅट करून टाकला. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, 'पुरावाच पुसला की!' तेव्हापासून ठरवलंय, डिजिटल फॉरेन्सिकच करायचं, म्हणजे फोन-संगणकातले पुरावे शोधायचं काम. मामा म्हणतो, सायबर सिक्युरिटीत बीटेक कर, नोकरी लागेल. बाबा काहीच बोलत नाहीत. काय करू?"

बाळा,

पत्रात पदव्यांबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, बाकी सगळा तो फोनच आहे. म्हणून आधी फोनचं बोलू.

हल्लीचा फोन रीसेट केला की आतली माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनची चावीच नाहीशी होते. त्यात जे होतं ते बहुधा गेलं, हे तुला खरंच सांगते. पण पैशाचा माग फोनात नसतो गं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, पैसे ज्या खात्यात पडले त्याची केवायसी, तिथून ते पुढे कुठे वळले, हे सगळं बँकांकडे असतं. मेसेज कुठल्या नंबरवरून आला ते मोबाइल कंपनीकडे असतं. यातलं काहीही तू पुसलेलं नाहीस. नुकसान झालं ते त्या पाच तासांच्या उशिरामुळे, कारण १९३० ला लवकर कळलं तरच पुढच्या बँकेत रक्कम थोपवता येते. आणि ते ॲप फोनात राहिलं असतं तर चोर घरातच बसून राहिला असता. घाबरून का होईना, तू दार लावलंस.

आता पदव्या. सिक्युरिटीच्या कामात रात्री दोनला अलर्ट येतो, माहिती अर्धवट असते, तरी सर्व्हर नेटवर्कपासून तोडायचा की चालू ठेवायचा हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. फॉरेन्सिकमध्ये उलट, हात आवरावा लागतो. डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावून तिची हुबेहूब प्रत घ्यायची, मूळ वस्तूची आणि प्रतीची हॅश, म्हणजे माहितीवरून काढलेला ठशासारखा आकडा, जुळवायची, कुणी कधी काय हाताळलं ते लिहून ठेवायचं, आणि पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यायचं. आपल्या जालन्याचंच उदाहरण घे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं की मूळ उपकरण हजर नसेल तर प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून तिथे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, आणि प्रमाणपत्रात हॅशही लिहावी लागते. असल्या बारकाव्यात तुझं मन रमेल का? सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात एखादी दुपार मागच्या बाकावर बसून साक्ष ऐक. मला वाटतं, माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळेल.

माझं मत मामाच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. फाइल सिस्टिम, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम पक्की नसेल तर फॉरेन्सिकवाला नुसता सॉफ्टवेअरची बटणं दाबतो, आणि कोर्टात 'हे कसं कळलं?' विचारलं की गडबडतो. शिवाय फॉरेन्सिक सायन्सच्या बऱ्याच बीएस्सीमध्ये रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर असं सगळं असतं आणि सायबरच्या वाट्याला थोडेच पेपर येतात. नावावर जाऊ नकोस, सत्रवार अभ्यासक्रम हातात घेऊन वाच. बीटेकच्या कंसातल्या 'सायबर सिक्युरिटी'लाही हेच लागू. आधी संगणकाचा पाया घाल, मग फॉरेन्सिककडे वळ. त्यासाठी सिव्हिल लाइन्समध्ये आपली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचंही केंद्र नागपुरात आलंय. दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन विचार. सरकारी प्रयोगशाळेत जायचं मनात असेल तर पदाच्या जुन्या जाहिराती काढून पात्रता शब्दशः वाच, आणि ती वाचल्यावरच पदवी ठरव.

प्रवेशाआधी एक काम करून बघ. पेन ड्राइव्हवर जुने फोटो टाक, रामटेकचे असोत की अंबाझरीचे, आणि डिलीट कर. मग 'ऑटोप्सी' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ते शोध. पायऱ्या वेळेसकट वहीत अशा लिही की अनोळखी माणसालाही तेच उत्तर मिळावं. दुसऱ्या दिवशी घरच्या राउटरचा पासवर्ड बदल, त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत कर, सगळ्यांच्या फोनमधल्या ॲपना काय काय परवानग्या दिल्यात ते तपास. कुठल्या दिवशी जेवणाची आठवण राहिली नाही, ते मला कळव.

बाबा गप्प आहेत ते तुझ्यावर रागावून, असं मला वाटत नाही. लिंक आपण उघडली, हे त्यांना खात असणार. फोन फॉरमॅट केल्याचं तुला खातंय, आणि दोघं एकाच घरात वेगवेगळे कुढताय. त्या पेन ड्राइव्हच्या दिवशी त्यांना शेजारी बसवून घे. पुसलेला फोटो परत येताना त्यांनाही बघू दे.

तुझी,
ताई