जर्मनीत आल्यापासून कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं, शिजवलेलं चालतं. असं का?

बहुधा ‘मॅल डी १’ या प्रथिनामुळे. ते उष्णतेने मोडतं, म्हणून शिजवलेल्या फोडी बाधत नाहीत. रोग, जखम किंवा इतर ताण आला की झाड बचावासाठी जी प्रथिनं बनवतं, त्यांच्या पीआर-१० कुळातलं हे एक. तिकडच्या बर्च झाडाच्या परागातलं ‘बेट व्ही १’ही याच कुळातलं. शरीर आधी परागावर चिडतं आणि मग सफरचंदालाही तेच समजून बसतं. म्हणून वसंतात, पराग उडत असताना, खाज वाढू शकते. जातीनुसारही फरक पडतो: गोल्डन डिलिशियस बऱ्याच जणांना बाधतं, सांताना कमी.

मात्र ‘शिजवलं की चालतं’ हा नियम पीचला सरसकट लावू नका. त्यातलं ‘प्रू पी ३’ हेही बचावाचंच प्रथिन, पण ४ डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या अणूंमधल्या जोडांनी) घट्ट आवळलेलं. शिजवून सहसा मोडत नाही, जठरातल्या पेप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकरालाही दाद देत नाही. सालीत ते जास्त असतं, तरी साल काढली म्हणजे धोका टळला असं नाही. सफरचंदातही त्याचा भाऊबंद ‘मॅल डी ३’ असतो. त्यामुळे अंगावर गांधी, उलटी, घशाला सूज किंवा धाप यातलं काहीही झालं असेल, तर घरी चाखून बघू नका. ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन या प्रथिनांची वेगवेगळी रक्तचाचणी करून घ्या.