फ्रीडायव्हिंगच्या स्पर्धेसाठी विमा आणि बाकीची व्यवस्था कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातला तुमचा फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासावर पाण्याखाली जाण्याचा, ग्रुप आधी तरणतलावात एक छोटी स्पर्धा घेणार आणि ती जमली की पुढच्या वर्षी अंदमानात दोरावरच्या खोल डाइव्हची. एजंट म्हणतोय, ‘इव्हेंट इन्शुरन्स काढा, सगळं त्यात येतं.’ सगळं त्यात येत नाही. नेमकं जे यायला हवं, तेच बहुधा बाहेर राहतं. मी जनरल इन्शुरन्समध्ये क्लेम्सच्या टेबलावर काम करते आणि सुट्ट्या साठवून फ्रीडायव्हिंग स्पर्धांच्या सेफ्टी टीममध्ये उतरते. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत, आणि तुमच्यासारखं कोणी हे भारतात करायला निघालंय याचा मला मनापासून आनंद आहे.

आधी कामाचा क्रम. बहुतेक आयोजक जागा ठरवतात, पोस्टर काढतात, नोंदणी सुरू करतात आणि विम्याचं शेवटच्या आठवड्यात बघतात. तुम्ही उलटं करा. एका कागदावर लिहून काढा: खेळाडू पाण्यात बेशुद्ध झाला तर त्याला वर कोण आणणार, ऑक्सिजन कुठे ठेवलाय, डॉक्टर कुठे बसलाय, किनाऱ्यावर कोण थांबलंय, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागणार. हा कागद हातात असल्याशिवाय विमा कंपनीकडे जाऊच नका. समोरच्या अंडररायटरने, म्हणजे विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्याने, फ्रीडायव्हिंग हे नाव कदाचित पहिल्यांदाच ऐकलेलं असेल. त्याला तुमची तयारी दिसली तर तो अटी घालून का होईना, कव्हर द्यायचा विचार करतो. नाही दिसली तर सरळ नकार देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नेहमीची छापील पॉलिसी तुमच्या हातात ठेवतो.

ती छापील पॉलिसी धोक्याची का, हे नीट समजून घ्या. आपल्याकडच्या पॉलिसीत ‘अपघात’ म्हणजे काय हे ठरलेलं आहे: बाह्य, दिसण्याजोग्या आणि हिंसक कारणाने अचानक, अनपेक्षित, मनाविरुद्ध घडलेली घटना. आता ब्लॅकआउट घ्या. खेळाडूने स्वतःच्या मर्जीने श्वास रोखला, रक्तातला ऑक्सिजन कमी झाला आणि शुद्ध गेली. बाहेरून काही आदळलं नाही, काही तुटलं नाही. स्क्वीझचं, म्हणजे दाबामुळे फुप्फुसाला होणाऱ्या इजेचंही तेच. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि फुप्फुसातली सहा लिटर हवा दीड लिटरवर येते. त्याखाली गेल्यावर फुप्फुसाच्या नाजूक केशवाहिन्या फुटून खोकल्यातून रक्त येऊ शकतं. क्लेम तपासणारा माणूस म्हणेल की हा अपघात नव्हे, शरीराची अंतर्गत घटना आहे. तो दुष्ट असतो म्हणून नाही, त्याच्यासमोरचं वाक्यच तसं असतं. म्हणून ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसीला स्वतंत्र एंडोर्समेंट, म्हणजे जोडलेली लेखी पुरवणी, मागा. त्यात श्वास रोखून केलेल्या डाइव्हमधला ब्लॅकआउट, बुडणं, फुप्फुस आणि कानाचा बॅरोट्रॉमा (दाबामुळे होणारी इजा) आणि डिकम्प्रेशनचा आजार (दाब कमी होताना शरीरात वायूचे बुडबुडे होणं) ही नावं एकेक करून लिहून घ्या. स्पर्धा आणि सराव हे दोन्ही शब्द त्यात हवेत, कारण सरावाच्या दिवशीही माणसं तितकीच खोल जातात.

दुसरा अडसर आरोग्य विम्यातला. विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे शब्द ठरवून दिलेले अपवाद आहेत. त्यातला नववा अपवाद धोकादायक आणि साहसी खेळांचा, आणि त्यात स्कूबा आणि खोल समुद्रातलं डायव्हिंग नावानिशी आहे. मात्र तो ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्याला लागू होतो. हौशी खेळाडूचं वैयक्तिक मेडिक्लेम या वाक्यामुळे वाचू शकतं. पण तुम्ही रोख बक्षीस ठेवलं, की तो हौशी होता की व्यावसायिक यावर वाद घालायला जागा मिळते. तुमच्या यादीतले जे लोक शिकवून पैसे कमावतात त्यांचा प्रश्न तर आणखी अवघड. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी रोख बक्षीस ठेवूच नका. पदक द्या, पुढच्या स्पर्धेची फी माफ करा. परदेशातून कोणी येणार असेल तर डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) किंवा तशाच डायव्हिंगच्या विम्याचा पुरावा नोंदणीच्या वेळीच मागा, आणि त्यात स्पर्धा वगळलेली नाही ना हे स्वतः वाचा.

आयोजक म्हणून तुमच्यावर येणाऱ्या दाव्यांसाठी पब्लिक लायबिलिटी लागते. इथेच इव्हेंट इन्शुरन्सची मोठी फट आहे. बऱ्याच पॉलिसींमध्ये प्रेक्षक हा तिसरा पक्ष (थर्ड पार्टी) असतो, स्पर्धक नसतो. म्हणजे खुर्ची पडून एखाद्या काकांचा पाय मोडला तर पैसे मिळतील, खेळाडूला इजा झाली तर नाही. स्पर्धकांना तिसरा पक्ष धरलंय असं लेखी घ्या. मर्यादा विचारताना एका अपघाताची किती आणि वर्षभराची किती हे वेगवेगळं विचारा.

यात एक माणूस नेहमी विसरला जातो: खेळाडूसोबत पाण्यात उतरून त्याला सांभाळणारा सेफ्टी डायव्हर. त्याने नोंदणी फी भरलेली नसते, म्हणून तो स्पर्धकांच्या यादीत नाही. पगार नसतो, म्हणून कर्मचाऱ्यांच्या यादीतही नाही. आणि दिवसभर सगळ्यात जास्त डाइव्ह तोच मारतो. जुलै 2017 मध्ये इजिप्तमधल्या दहाबच्या ब्लू होल या समुद्रातल्या खोल खड्ड्यात फ्रीडायव्हर आलेस्सिया झेक्किनी पाण्याखालच्या कमानीखालून पलीकडे जाण्याची डाइव्ह करत होती. ती दोर चुकली तेव्हा तिला वर आणताना स्टीफन कीनन मरण पावला. ती स्पर्धा नव्हती, पण तो मोठमोठ्या स्पर्धांमधला नावाजलेला सेफ्टी डायव्हर होता. ती वाचली. तुमच्या पॉलिसीच्या यादीत पहिली नावं सेफ्टी टीमची लिहा, मग डॉक्टर, जज आणि बोटवाल्यांची, आणि मग खेळाडूंची.

‘पण आम्ही सगळ्यांकडून हमीपत्र घेतोय ना’ असं तुम्ही म्हणाल. जरूर घ्या. जोखीम समजावून सांगितली होती एवढं त्यातून सिद्ध होतं. निष्काळजीपणाची जबाबदारी त्या सहीने सुटत नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहीला करार म्हणून अर्थच नाही, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 106, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, कुठल्याही पॉलिसीने झाकलं जात नाही. फौजदारी जबाबदारीचा विमा मिळत नाही.

आता जागा. दोरावरची स्पर्धा कोकणात का नाही, असं कोणीतरी तुम्हाला विचारेलच. मुंबईसमोर उथळ समुद्रतळाचा पट्टा सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. मालवणला किल्ल्याभोवती स्कूबा छान होतं, पण 50 मीटर पाणी हवं असेल तर किनारा दिसेनासा होईपर्यंत जावं लागेल, आणि मग हॉस्पिटल आणखी लांब. अंदमान किंवा लक्षद्वीपला खोल पाणी किनाऱ्याजवळ मिळतं, म्हणून तुमची निवड बरोबर आहे. पण अंदमानात खरी अडचण पाण्यात नाही, पाण्यापासून हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्यात आहे.

समजा स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, एकाला स्क्वीझ किंवा डिकम्प्रेशनचा आजार झाला. तिथे प्राथमिक सोय आहे, पण नौदलाचं आयएनएचएस धन्वंतरी, जिथे हायपरबॅरिक चेंबर (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याची खोली) आहे, ते पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला. म्हणजे बोटीतून जेट्टी, जेट्टीवरून फेरी, फेरीनंतर गाडी. नशीब चांगलं असेल तर साडेतीन तास धरा. मास्कने 15 लिटर प्रति मिनिट ऑक्सिजन दिला तर तेवढ्या वेळाला 3150 लिटर लागतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो, म्हणजे एक सिलिंडर 100 मिनिटांत संपतो. एका रुग्णाला तीन सिलिंडर झाले, आणि तुम्ही ते घेऊन गेल्यावर स्पर्धेच्या जागी मागे काय उरलं? तिथला ऑक्सिजन संपला की स्पर्धा थांबवायची, हा नियम आधीच लिहून ठेवा. विमानातून भरलेला सिलिंडर नेता येत नाही, तो तिथेच भाड्याने ठरवावा लागतो, आणि रुग्णासोबत सिलिंडर फेरीवर चढवू देतील का हे फेरीवाल्यांना आधी विचारायचं. शेवटच्या फेरीच्या वेळेवरून त्या दिवसाची शेवटची डाइव्ह ठरवा. धन्वंतरी हे नौदलाचं हॉस्पिटल, तेव्हा नागरिक रुग्णासाठी काय रीत आहे हे पत्र देऊन विचारून ठेवा आणि स्पर्धेच्या आठवड्यात चेंबर चालू आहे ना याची फोनवर खात्री करा. विम्यात रुग्ण हलवण्याचा खर्च हवा, आणि त्यात बोट आणि हवाई वाहतूक या दोन्हींचा उल्लेख हवा. नुसतं ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ लिहिलं असेल तर ती रस्त्यावरचीच धरली जाते.

सिलिंडरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण यात मी कुणाचंही ऐकत नाही. रोज सकाळी पहिल्या डाइव्हआधी डॉक्टरांसमोर व्हॉल्व्ह उघडायचा, काटा वाचायचा, मास्कच्या पिशवीत हवा भरते का ते हाताने दाबून बघायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. व्हॉल्व्हची चावी सिलिंडरच्या मानेलाच नायलॉनच्या दोरीने बांधायची, म्हणजे कोणी ती खिशात घालून जेवायला जात नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकला फ्रीडायव्हर ऑड्री मेस्त्र 171 मीटरच्या विक्रमासाठी खाली गेली आणि जिवंत परतली नाही. तिला वर आणणारी लिफ्ट बॅग (हवा भरली की वर ओढणारी पिशवी) फुगली नाही, कारण त्या सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच नव्हती. काटा बघायला दहा सेकंद लागतात.

डॉक्टर हवा तो फुप्फुस तपासणारा, नुसता मलमपट्टीचा नको. बहामामध्ये डीन्स ब्लू होलला 17 नोव्हेंबर 2013 रोजी फ्रीडायव्हर निकोलस मेव्होली 72 मीटरची बिनफिनची, म्हणजे पायात पंख न घालता केलेली, डाइव्ह करून स्वतः वर आला, ओकेची खूण केली आणि त्यानंतर कोसळला. आयडा या फ्रीडायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेतला तो पहिला मृत्यू. आपली सगळी सेफ्टी ब्लॅकआउटभोवती उभी असते. फुप्फुसाची इजा माणूस शुद्धीत असताना, हसत असताना वाढत जाते. वर आल्यावर प्रत्येकाला पल्स ऑक्सिमीटर लावा, खोकला विचारा आणि रक्त दिसलं तर त्या खेळाडूची स्पर्धा तिथेच संपली, मग तो कितीही विनवण्या करो. हा अधिकार डॉक्टरचा, आयोजकाचा नाही, असं नियमावलीत लिहा. अंडररायटरलाही हेच वाक्य सगळ्यात आवडतं.

दोर, लॅनयार्ड (खेळाडूला दोराशी जोडणारी दोरी), काउंटरबॅलास्ट (दोरासकट खेळाडूला वर ओढणारं प्रतिवजन) यांची माहिती तुमच्या इन्स्ट्रक्टरना असेलच. फक्त दोर ओला करून, खालचं वजन लावून, ताणलेल्या स्थितीत मोजा. कोरड्या दोरावरची खूण पाण्यात खाली सरकते. आणि काउंटरबॅलास्टची चाचणी रिकाम्या दोरावर नको, एक माणूस लटकलाय एवढं वजन लावून करा. बेशुद्ध माणूस लॅनयार्डने दोराला जोडलेला असला तरच ती यंत्रणा उपयोगाची, म्हणून लॅनयार्ड नाही तर डाइव्ह नाही.

परदेशी जज किंवा खेळाडूंना आधीच कळवा की भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि तसे मेसेंजर आणता येत नाहीत. बाहेर डायव्हिंगवाल्यांकडे ते सर्रास असतात, आणि इथे विमानतळावरच पोलिसांचं प्रकरण होतं. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ ठेवा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर प्रत्येक बोटीवर चिकटवा.

तलावातल्या स्पर्धेला यातलं अर्धंच लागेल. तिथे मुख्य म्हणजे तलावाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी, त्यात ‘श्वास रोखून’ हे शब्द, आणि तिथल्या जीवरक्षकांना आदल्या दिवशी स्टॅटिक, म्हणजे पाण्यात न हलता श्वास रोखून राहणं, प्रत्यक्ष दाखवणं. तोंड खाली करून निश्चल पडलेला माणूस दिसला की जीवरक्षक उडी मारणारच, ते त्याचं कामच आहे. पण लायबिलिटीची आणि अपघाताच्या व्याख्येची अडचण तलावातही तीच आहे, तेव्हा एंडोर्समेंट या वर्षीच मागा. पुढच्या वर्षी अंदमानासाठी जाताना एक वर्षाचा बिनक्लेमचा इतिहास हातात असेल, त्याचा उपयोग होतो.

काही घडलंच तर त्याच तासात एक पान भरा: डाइव्हची जाहीर केलेली खोली, सुरू झाल्याची वेळ, वर आल्याची वेळ, ऑक्सिजन कधी लावला, डॉक्टरने काय पाहिलं, जजची सही. कंपनीला ईमेलने लगेच कळवा, अनेक पॉलिसींमध्ये 24 तासांची मुदत असते. माझ्या टेबलावर आलेल्या फाइलींमध्ये पैसे अडतात ते बहुतेक या पानाअभावी.

एजंटला हे सगळं फोनवर सांगू नका, ईमेल करा आणि उत्तरही ईमेलवर मागा. ड्राफ्ट वर्डिंग आलं की कंपनीचं नाव झाकून अपवादांचं पान मला पाठवा, मी वाचून काय बदलून घ्यायचं ते सांगेन.